समाजमंदिर : नाव आलं कुठून?

विदर्भात गावोगावी समाजमंदिर दिसतं. वर टिनाचं नाहीतर स्लॅबचं छत, खाली फरशी, दारावर आमदार निधीची पाटी. तेरवीची पंगत इथेच बसते, लग्नात वऱ्हाड इथेच उतरतं, पोलिओचे डोसही इथेच पाजतात. आत मूर्ती असेलच असं नाही, तरी नाव मंदिर. या नावातले दोन्ही शब्द फार जुने आहेत, आणि दोघांचेही अर्थ वाटेत सरकले आहेत.

'समाज' म्हणजे मुळात जमणं. सम् म्हणजे एकत्र आणि अज् म्हणजे हाकणं. अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश तर नेमका भेद सांगतो: पशूंचा तो 'समज', इतरांचा तो 'समाज'. सकाळी आखरावर गोळा होतात ती गुरं म्हणजे समज, आणि ग्रामसभेला येतात ती माणसं म्हणजे समाज. जात, पोटजात असला अर्थ या शब्दाला तेव्हा नव्हता.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात आज्ञा दिली, 'न च समाजो कतव्यो'. समाज भरवू नये. आजच्या अर्थाने वाचलं तर माणूस चक्रावतो. पण इथे समाज म्हणजे मेळा, जत्रेसारखा जमाव. लगेच पुढे तोच राजा सांगतो की काही समाज चांगलेही असतात. या आज्ञेच्या आधीची ओळ जीवहत्येच्या बंदीची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक इथे सापडलेल्या शिळेवरही प्राण्यांना पकडू-मारू नये अशी जुन्या ब्राह्मी लिपीतली आज्ञा आहे. त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा रुद्रसेनाने आपल्या 'धर्मस्थाना'चा लेख कोरवला.

'मंदिर' म्हणजे साधं घर. अमरकोशात तो शब्द भवन, सदन, आगार यांच्याच रांगेत येतो. देवासाठी आपल्याकडे देऊळ होतंच. गावातला म्हातारा माणूस आजही मारुतीचं देऊळच म्हणतो. विद्यामंदिर, बालमंदिर, नाट्यमंदिर या नावांत घराचा अर्थ टिकून राहिला. म्हणजे समाजमंदिर हे चार माणसं जमण्याचं घर.

एकोणिसाव्या शतकात 'समाज' शब्दाला नवं वजन आलं. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज आणि १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. समाज म्हणजे विचाराने बांधलेली मंडळी, हा अर्थ तिथून रुजला.

विदर्भात मात्र खरा प्रश्न दाराचा होता. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ती भरली इंद्रभुवन नाट्यगृहात. देवळाचं दार बंद असलेल्या माणसांना नाटकाच्या घराने जागा दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढच्याच वर्षी वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आपलं लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुलं केलं. पुढे मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेचा पाया घातला. जातपात विसरून सगळ्यांनी एकत्र बसायचं, हाच तिचा गाभा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अनेक वस्त्यांमध्ये समाजमंदिर आणि बुद्धविहार ही एकाच वास्तूची दोन नावं झाली. संध्याकाळी वंदना, दिवसा पोरांचा अभ्यास, १४ एप्रिलच्या जयंतीची बैठकही तिथेच. विहार हेदेखील आधी भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण, म्हणजे पुन्हा घरच.

आज तालुक्याच्या रस्त्याने जाताना 'अमुक समाज भवन', 'तमुक समाज मंगल कार्यालय' अशा पाट्या लागतात. इथला समाज म्हणजे जात. कोणी आपल्या पैशाने सभागृह बांधलं तर हरकत नाही. पण सरकारी निधीतून गावासाठी उभ्या राहिलेल्या समाजमंदिराची किल्लीही कुठे कुठे एकाच मोहल्ल्यात अडकून राहते आणि बाकीच्यांना ती मागायला संकोच वाटतो. ती किल्ली ग्रामपंचायतीत टांगलेली असावी आणि तेरवीसाठी, लग्नासाठी, अभ्यासासाठी ज्याला लागेल त्याने वहीत नाव लिहून न्यावी.