चाल ठरवायची कोणी? क्वार्टरबॅक, प्रशिक्षक आणि हेल्मेटमधला आवाज

२ फेब्रुवारी २०२०, मायामी. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, संपायला सात मिनिटं आणि काही सेकंद बाकी. कॅन्सस सिटी चीफ्स २०-१० असे मागे, आणि पुढचा डाव अवघड: चारपैकी तिसरा प्रयत्न, चेंडू राखायला पंधरा यार्ड हवेत. पंच आधीच्या झेलाचा निकाल फिरवत असताना क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू) पॅट्रिक महोम्सने आक्रमणाचे प्रशिक्षक एरिक बिएनेमी यांना विचारलं, ‘वास्प’ खेळायला वेळ मिळेल का? वास्प म्हणजे गांधीलमाशी. या चालीत चेंडू लांब फेकायचा असतो, त्यामुळे क्वार्टरबॅकला बराच मागे सरकून तग धरावा लागतो. वेळ मिळाला, टायरीक हिलने ४४ यार्डांचा झेल घेतला आणि चीफ्स ३१-२० ने जिंकले.

यावर बऱ्याच जणांची प्रतिक्रिया ठरलेली असते: हल्लीचे स्टार खेळाडू प्रशिक्षकाला सांगतात काय खेळायचं ते! माझ्या मते इतिहास नेमका उलटा आहे. चाल ठरवणं हे मुळात खेळाडूचंच काम होतं. प्रशिक्षकाने ते हळूहळू आपल्याकडे ओढून घेतलं, आणि आजचा स्टार त्यातला थोडा हिस्सा परत मागतो आहे.

अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात मैदानाबाहेरून सूचना देणं नियमबाह्य होतं, त्यासाठी दंड व्हायचा. प्रशिक्षकाने आठवडाभर शिकवायचं आणि सामन्याच्या दिवशी हाताची घडी घालून बघायचं. एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, १९४४ मध्ये बाकावरून सूचना द्यायला परवानगी दिली. १९५० मध्ये खेळाडू हवे तितक्या वेळा बदलायची मुभा मिळाली आणि क्लीव्हलंड ब्राऊन्सच्या पॉल ब्राऊन यांना वाट सापडली. दोन गार्ड (आक्रमणाच्या पुढच्या फळीतले खेळाडू) आलटून पालटून आत-बाहेर करायचे. आत जाणारा चाल घेऊन जायचा आणि घोळक्यात, म्हणजे हडलमध्ये, ती क्वार्टरबॅकच्या कानावर घालायचा. पोस्टमनच म्हणा ना. यातला एक पोस्टमन होता चक नोल. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

१९५६ मध्ये ब्राऊन यांनी कळस केला. क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये त्यांनी रेडिओ बसवला. आयुक्त बर्ट बेल यांनी त्याच हंगामात त्यावर बंदी घातली. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना हे ओळखीचं वाटेल. १९९९ च्या विश्वचषकात होव्हला भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला होता आणि दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक बॉब वूल्मर होते. तेही सामना चालू असतानाच काढायला लावलं गेलं. ४३ वर्षांच्या अंतराने तोच मोह आणि तेच उत्तर!

दुसऱ्या बाजूला होता बाल्टिमोर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस, स्वतःच्या चाली स्वतः ठरवणारा. २८ डिसेंबर १९५८ ला यांकी स्टेडियममध्ये अंतिम सामना जादा वेळेत गेला. गोलरेषा हाकेच्या अंतरावर होती, साध्या फील्ड गोलनेही (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) काम भागलं असतं. तिथे या पठ्ठ्याने कडेला जिम मटशेलरकडे पास फेकला. चेंडू विरोधकांच्या हाती गेला असता तर लोकांनी त्याला आयुष्यभर ऐकवलं असतं. पण मटशेलर एक यार्डावर पोचला, पुढच्या चालीला अॅलन अमीची घुसला आणि २३-१७. चाल युनायटसची होती. प्रशिक्षक वीब युबँक बाहेरून बघत होते.

आता चक नोल. पुढे पिट्सबर्ग स्टीलर्सचा प्रशिक्षक झाल्यावर या जुन्या पोस्टमनने क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉला स्वतःच्या चाली स्वतः ठरवू दिल्या. त्या जोडीने चार सुपर बोल जिंकले. डॅलसचे टॉम लँड्री मात्र ब्राऊन यांच्याच वाटेने गेले. रॉजर स्टॉबॅकसारखा क्वार्टरबॅक हाताशी असूनही चाली त्यांच्याच डोक्यातून निघायच्या, आणि स्टॉबॅकला ते खुपायचं. शेवटी सरशी लँड्रींच्याच पद्धतीची झाली. बचाव इतके गुंतागुंतीचे होत गेले की सामना वरून बघणारा माणूस चाली सांगण्यासाठी अपरिहार्य ठरला.

१९९४ मध्ये हेल्मेटमधला रेडिओ अधिकृतपणे परत आला, पण त्यात एक मेख होती. चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद. प्रशिक्षक कितीही मोठा असो, तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. याच पंधरा सेकंदांत क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने आपलं राज्य उभारलं. समोरचा बचाव न्याहाळायचा, हातवारे करायचे, ओरडायचं आणि आलेली चाल बदलायची. कोल्ट्समध्ये आक्रमणाचे प्रशिक्षक टॉम मूर पर्याय सुचवायचे, अंतिम निवड बहुतेक वेळा मॅनिंगची असायची. ‘ओमाहा’ ही त्याची आरोळी तर घराघरांत पोचली.

क्वार्टरबॅक नसलेल्या स्टारचं वजन वेगळ्या तऱ्हेने पडतं. त्याच्या हातात चाल नसते, फक्त चेंडूची मागणी असते. २००२ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जचे प्रशिक्षक माइक टाइस यांनी उघड जाहीर केलं की चाळीस टक्के पास झेल घेणाऱ्या रँडी मॉसकडे जातील. ‘रँडी रेशो’ असं त्याचं बारसंही झालं. मॉस असामान्य होता यात वाद नाही, पण चेंडू कुठे जाणार हे प्रतिस्पर्ध्याला आधीच सांगायची काय गरज होती? वायकिंग्जनी त्या हंगामात सहा सामने जिंकले, दहा हरले.

आणि जिथे स्टारला विचारलं जात नाही? जानेवारी २०२१, ग्रीन बे. टॅम्पा बेविरुद्ध उपांत्य लढत, यजमान पॅकर्स आठ गुणांनी मागे, दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेले, चौथा प्रयत्न, गोलरेषेपासून आठ यार्ड. क्वार्टरबॅक आरन रॉजर्स मैदानात, त्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. प्रशिक्षक मॅट लाफ्लर यांनी त्याला बाहेर बोलावून तीन गुणांचा फील्ड गोल घेतला. चेंडू पॅकर्सकडे परत आलाच नाही, ३१-२६. तो निर्णय आपला नव्हता, असं रॉजर्सने सामन्यानंतर सांगून टाकलं. उन्हाळ्यात तो क्लबशी भांडून परतला, तेव्हा त्याची तक्रार एका चालीपुरती उरली नव्हती. संघात कोणाला घ्यायचं आणि कोणाला सोडायचं, या चर्चेतही त्याला जागा हवी होती.