शाळेत मूल रुळतं कशाच्या आधारावर : कोल्हापूरची पार्श्वभूमी

किशोरवयीन मुलं शाळेत का बुजतात, याची चर्चा हल्ली समुपदेशनापासून सुरू होते. कोल्हापुरात ती राहण्या-जेवणापासून सुरू झाली.

खेड्यातून शिकायला आलेल्या ब्राह्मण मुलाला माधुकरी किंवा वार लावून जेवणं हा मार्ग तरी होता. बहुजन मुलाला तोही नव्हता. १८९६ साली शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानाने सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढलं. थोड्याच वर्षांत तिथे ब्राह्मण मुलंच उरली. मग १९०१ पासून मराठा, जैन, पुढे लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेले समाज अशी वेगवेगळी बोर्डिंगं उभी राहिली.

हा निर्णय तेव्हापासून वादाचा. जात मोडायची तर दारावर तिचीच पाटी कशाला, हा आक्षेप खोटा नाही. पण ज्याला पंगतीत लांब बसवतात, त्याने अभ्यासात मन कसं घालायचं, याचं उत्तर आक्षेप घेणारे देत नाहीत. बोर्डिंगात भाकरीबरोबर सोबती मिळाले, वरच्या इयत्तेतला आपल्याकडचा कुणीतरी मिळाला. एकत्र बसणं शाळेवर सोपवलं गेलं, आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम १९१९ साली निघाला. आधी आसरा, मग एक बाक. मला हा क्रम पटतो. पाट्या शंभर वर्षं टिकल्या, ते मात्र पटत नाही.

मानसशास्त्राने हे नंतर मांडलं. आधी पोट-निवारा, मग आपलेपणा, असं सांगणारी मॅस्लोची गरजांची उतरंड १९४३ ची. आज किशोरांच्या अभ्यासात वापरतात ती स्वयंनिर्णयाची मांडणी (self-determination theory) १९८० च्या दशकात आकाराला आली : आपलं काही चालतं, आपल्याला काही जमतं, आपण कुणाचे तरी आहोत, या तीन गरजा. पालक, शिक्षक आणि मित्रांचा आधार या गरजा भागवतो, म्हणून मूल मिसळतं.

शाळेतल्या आहाराची योजना १९९५ ची, शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू. दोन्हींची हद्द आठवीत संपते, नेमकी अडनिड्या वयात. त्याच सुमारास गावातली जिल्हा परिषदेची शाळाही सुटते. ओळखीचे गुरुजी मागे राहतात, मित्र पांगतात. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं एसटीने हायस्कूल गाठतात. मुलींना पास मोफत आहे, पण गाडी चुकली तर घरी जायचं कसं? म्हणून शाळा सुटल्यावर कबड्डीला किंवा गॅदरिंगच्या तालमीला ती थांबत नाहीत, आणि शेरा पडतो, ‘मिसळत नाही’.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात समुपदेशकांचा उल्लेख आहे. त्यांची वेळ शाळा सुटल्यावरची ठेवली, तर ही मुलं त्यांना भेटायची नाहीत.