लिलावातलं गाव आणि त्याचे पैसे

जुनी कपाटं, घड्याळं, पोर्सेलिनची भांडी आणि गावाकडची निसर्गचित्रं लिलावात घेणारी मंडळी किमतीवर तासन् तास बोलतात, पण हा माल मुळात बाजारात आला कसा हे फार कुणी विचारत नाही. युरोपातले मोठे लिलाव काढून बघा, बहुतेक वेळा आधी कुणीतरी बुडालेलं असतं.

फ्रान्सचंच घ्या. जानेवारी १७९३ ला राजाला गिलोटिनवर चढवलं आणि ऑगस्टमध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातलं सामान विकायला काढलं, जवळजवळ वर्षभर चाललं ते, १७ हजारांवर लॉट (म्हणजे एका बोलीत विकायचे नग) गेले!

पुढे पाळी आली ब्रिटनमधल्या जमीनदारांची. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू रेल्वेनं आणि आगबोटीनं यायला लागला, भाव पडले, कुळांचा खंड घटला, आणि घरातल्या पिढीजात वस्तू विकायच्या म्हटल्या तर त्या वारसाहक्काच्या करारांत अडकलेल्या, म्हणून १८८२ ला कायदा करून कोर्टाच्या परवानगीनं विकायची वाट मोकळी केली. त्याच वर्षी, तो कायदा यायच्या थोडं आधीच, स्कॉटलंडच्या हॅमिल्टन पॅलेसमधल्या सामानाचा लिलाव लंडनला क्रिस्टीज या लिलावगृहात झाला, १७ दिवस, साधारण ३ लाख ९७ हजार पौंड (पॅलेसचा मालक असलेल्या ड्यूकला घोड्यांच्या शर्यतीचा नादही जबर होता, सगळा दोष गव्हाला देऊ नका). रिझेनर नावाच्या कारागिरानं फ्रान्सच्या राणी मारी आंत्वानेतसाठी बनवलेलं फर्निचर त्यातच विकलं गेलं, ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पॅलेस मात्र १९२० च्या दशकात पाडला.

आता चित्रांकडे येऊ, मला खरं सांगायचंय ते हेच. फ्रान्समध्ये बार्बिझों गावात राहून शेतकरी रंगवणारा मिले. त्याचं 'आंजेलस' म्हणजे बटाटे काढता काढता चर्चची घंटा ऐकून मान खाली घालून उभे राहिलेले नवरा-बायको, चित्र जेमतेम दोन फुटांचं. बोस्टनच्या एका गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली होती, तो न्यायलाच आला नाही, शेवटी १८६० ला ते हजार फ्रँकला गेलं. मिले १८७५ ला वारला. १८८१ ला सेक्रेतां नावाच्या तांब्याच्या बड्या व्यापाऱ्यानं तेच चित्र १ लाख ६० हजारांना घेतलं, मग जगातलं तांबं कोंडून ठेवायचा त्याचा डाव फसला आणि १८८९ ला त्याचा सगळा संग्रह लिलावात आला. फ्रेंच सरकारच्या वतीनं बोली लागली, अमेरिकन लोकांशी चढाओढ झाली आणि आकडा गेला ५ लाख ५३ हजारांवर! संसदेनं पैसे मंजूर केले नाहीत, चित्र अमेरिकेला गेलं, गावोगाव दाखवलं गेलं, आणि दुसऱ्या वर्षी शोशार नावाच्या पॅरिसच्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्यानं आणखी जास्त मोजून ते परत आणलं. त्याच्या मृत्युपत्रानं ते सरकारला मिळालं, आता ओर्से म्युझियममध्ये आहे.

या सगळ्या उड्यांत मिलेच्या घरच्यांना काय मिळालं? एक फ्रँकही नाही. फोरां या व्यंगचित्रकारानं फाटक्या कपड्यातली दोन पोरं लिलावाच्या हॉलबाहेर उभी दाखवली, एक दुसऱ्याला सांगतंय की हे तर आपल्या बाबांचं चित्र. लोकांच्या मनात ते बसलं, आणि १९२० ला फ्रान्सनं कायदा केला की चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला किंवा वारसांना थोडा वाटा द्यायचा. ब्रिटनला हे करायला २००६ उजाडलं.

आणि गंमत म्हणजे आपण त्यांच्या आधी! आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ ला ५३-अ हे कलम आलं, मूळ चित्र १० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं तर चित्रकाराचा किंवा वारसांचा त्यात वाटा, जास्तीत जास्त १० टक्के, अर्थात कॉपीराइट शिल्लक असेपर्यंतच, आणि तो चित्रकार वारल्यावर ठरावीक वर्षंच टिकतो. तेव्हा एखाद्या जुन्या मराठी चित्रकाराचं गावाकडचं लँडस्केप घ्यायला बोलीला बसलात, तर "तीन वार" व्हायच्या आधी तो कधी वारला तेही बघून ठेवा.