व्यायाम वेगळा, कृतीतून शिकणे वेगळे

व्यायाम मेंदूला मानवतो, हे जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे फिरायला येणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५५ ते ८० वयाचे १२० जण होते. त्यांपैकी जे वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटे चालले, त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तो घटला. इथवर वाद नाही.

घोटाळा पुढे होतो. ‘हालचालीने स्मरणशक्ती वाढते’ एवढेच ऐकून धुळ्याकडच्या एका शाळेत मुलांना उठाबशा काढत सातचा पाढा म्हणायला लावलेले मी पाहिले. ‘सात त्रिक’ला पोरे धापा टाकत होती आणि याला कृतियुक्त अध्ययन म्हटले जात होते. माझी कसोटी साधी आहे: हालचाल बदलली, तर अर्थ बदलतो का? उठाबशांऐवजी टाळ्या वाजवल्या तरी एकवीस एकवीसच राहतात. मात्र अंगणात खडूने आखलेल्या अंकपट्टीवर सात-सात घरे तीनदा चालत गेलेल्या मुलाचे एक पाऊल चुकले, तर उत्तरच चुकते, कारण तिथे चालणे हाच गुणाकार असतो. शिकागोच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले, की समीकरणाच्या दोन्ही बाजू समान करायच्या आहेत हे हातांच्या खुणांनी दाखवत शिकलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना ते चार आठवड्यांनीही येत होते. आपल्याकडे मात्र फळ्यापाशी हात हलले, की ‘हात खाली’!

व्यायामाला विषयाशी देणेघेणे नसते, वेळेशी असते. नेदरलँड्समधील २०१६ सालच्या प्रयोगात शिकल्यानंतर चार तासांनी सायकल चालवणाऱ्या प्रौढांना दोन दिवसांनी अधिक आठवले. शिकल्याबरोबर चालवणाऱ्यांना हा लाभ झाला नाही. म्हणून शाळेतली खेळाची तासिका अवश्य असावी, पण तिला गणिताची तासिका म्हणू नये.

म्हातारपणीही हा फरक पुसला जात नाही. मारुतीच्या देवळापर्यंत रोज पायी जाणाऱ्या आजींना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवताना नातू भराभर स्वतःच बटणे दाबून ‘बघितलं ना?’ असे विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी आजी विसरल्या, की वयाला दोष देतो. फोन तर सगळा वेळ त्याच्याच हातात होता.