रेणूंना दिशा कळत नाही

विसरण, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरत जाणं, शिकवताना हमखास अत्तराची बाटली पुढे येते. कोपऱ्यात झाकण उघडलं, थोड्याच वेळात खोलीभर वास. उदाहरण फसवं आहे. अगदी निश्चल हवेत, केवळ विसरणाने पाच मीटर पार करायला त्या रेणूंना दोन आठवडे तरी लागतील. वास पोचवतात ते हवेचे झोत.

याहून खोल गैरसमज ‘रेणू जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातात’ या पाठ केलेल्या वाक्यात आहे (संहती म्हणजे ठरावीक जागेतली रेणूंची दाटी). जणू रेणूला मोकळी जागा दिसते! पाण्यातल्या साखरेच्या रेणूला काहीच कळत नाही. चहूबाजूंनी धडका बसतात, तो भरकटतो. पाण्यात मनाने एक रेघ ओढा. रेघेलगत डावीकडे १००० रेणू, उजवीकडे १००. पुढच्या क्षणी प्रत्येक जण डावीकडे किंवा उजवीकडे सरकेल, शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे डावीकडून ५०० येतील, उजवीकडून ५० जातील. ४५० चा प्रवाह तयार झाला, कोणीही न ओढता! दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरी ये-जा चालूच राहते, फक्त हिशेब फिटतो. मला हे आजही विलक्षण वाटतं.

संहतीचा उतार, म्हणजे अंतरागणिक बदलणारी दाटी, जितका तीव्र तितका प्रवाह मोठा, हा नियम १८५५ मध्ये अ‍ॅडॉल्फ फिक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडला. भरकटण्याचं गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलं: लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र x² = 2Dt; x म्हणजे अंतर, t म्हणजे वेळ आणि D म्हणजे विसरणांक, रेणू किती झपाट्याने पसरतात ते सांगणारा आकडा. पाण्यातल्या ऑक्सिजनसाठी तो सेकंदाला सुमारे २×१०⁻⁹ चौरस मीटर. आकडे घालून पाहा. दहा मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सेकंदाचा चाळिसावा भाग. एक मिलिमीटरला चार मिनिटं. एक मीटरला जवळपास आठ वर्षं!

म्हणून फुफ्फुसातला वायुकोश (हवेची बारीक पिशवी) आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, आणि लांबचा पल्ला हृदय रक्त ढकलून गाठतं.

तळपायाला पट्टी चिकटवून रात्रभरात शरीरातली ‘विषं ओढून काढण्याच्या’ जाहिराती येतात. विसरण काही ओढत नाही, आणि तळपायाची जाड, मृत पेशींची त्वचा रेणू अडवण्यासाठीच असते. पट्टी काळी पडते ती घामाच्या ओलाव्याने.

चपट्या कृमींना हृदय नाही, रक्तवाहिन्याही नाहीत. त्यांची प्रत्येक पेशी पृष्ठभागापासून इतकी जवळ असते की ऑक्सिजन भरकटतच आत पोचतो. तोच कृमी बोटाएवढा जाड झाला, तर मधल्या पेशी गुदमरतील.