गोव्याची वाट आणि वक्र पृष्ठाची भूमिती

भूमितीचा इतिहास सांगताना ग्रीकांपासून सुरुवात करायची आणि थेट सतराव्या शतकातल्या युरोपात उतरायचे, अशी रीतच पडली आहे. शुल्बसूत्रांतल्या वेदी, दोरीने साधलेले काटकोन, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज हे शाळेतच होऊन जाते. सोळावे शतक मात्र दोन ओळींत आटोपले जाते, आणि गोव्याचा संबंध येतो तो नेमका तिथेच.

1533 मध्ये ब्राझीलच्या मोहिमेवरून लिस्बनला परतलेल्या एका कप्तानाने दरबारी गणितज्ञापुढे एक कोडे टाकले. होकायंत्राची सुई पाहून जहाज सतत ठीक पूर्वेला हाकले, तर ते त्याच अक्षांशावर का राहते? प्रश्न भाबडा वाटेल, पण नाही. दक्षिणेला 35 अंशांवर पूर्वेकडे तोंड करून नाकासमोर निघालो, तर आपण बृहत्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून जाऊ, आणि ते पुढे विषुववृत्त ओलांडते. मग जहाज का ओलांडत नाही?

1537 मध्ये उत्तर छापून आले. या दोन वाटा मुळात वेगळ्या आहेत. बृहत्वृत्तावर जवळची वाट मिळते, पण रेखावृत्तांशी होणारा कोन क्षणोक्षणी बदलतो. तो कोन कायम ठेवला, तर जहाज दुसऱ्याच एका वक्रावर जाते, आणि तो वक्र तिरका असेल तर ध्रुवाभोवती वेटोळे घालत राहतो. गोलावरची ही रेषा तोवर कोणी अशी वेगळी काढून अभ्यासली नव्हती. नाखव्यांना हे रुचले नाही. किनाऱ्यावर बसणाऱ्याने दर्या शिकवू नये, असा त्यांचा सूर होता. प्रश्न विचारणारा कप्तान 1542 मध्ये गोव्यात पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर झाला. त्याच्यानंतर 1545 मध्ये आलेल्या गव्हर्नरने तर 1538 च्या लिस्बन-गोवा प्रवासात त्याच गणितज्ञाचे सावलीचे उपकरण जहाजावर वापरून पाहिले होते. सुईच्या विचलनावरून, म्हणजे ती खऱ्या उत्तरेपासून किती ढळते यावरून, रेखांश काढता येईल ही समजूत या दुसऱ्या गव्हर्नरच्या नोंदींनी मोडीत काढली, आणि तोफांच्या लोखंडामुळे सुई ढळते हेही त्याने टिपले. पुस्तकातले प्रमेय महिनोन्महिने समुद्रावर तपासले जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आकड्यांत पाहू. पणजी आणि सुदानमधले खार्टूम जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. तरी सर्वांत जवळची वाट पणजीहून ठीक पश्चिमेला निघत नाही. ती साडेपाच-सहा अंश उत्तरेला झुकते, मध्यावर सुमारे एक अंश वर चढते आणि मग खाली येते. एवढे करून वाचतात जेमतेम सात किलोमीटर. लिस्बन ते वॉशिंग्टन या अंतरात मात्र हाच फरक दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. आपल्या समुद्रात सुईच्या भरवशावर भागत होते ते यामुळे.

खरा वादग्रस्त निर्णय 1569 चा. त्या वर्षीच्या जगाच्या नकाशात, गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या ज्याच्या रीतीला आपण मर्केटर प्रक्षेपण म्हणतो, सुईची रेषा सरळ दिसावी म्हणून क्षेत्रफळ सोडून दिले गेले. गोव्याच्या अक्षांशावर लांबी चारेक टक्केच फुगते, पण 60 अंशांवर ती दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी आहे. नाविकांसाठी हा निर्णय रास्तच होता. तोच नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगणे मात्र चूक होती, आणि उष्ण कटिबंधातल्या आपल्यासारख्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने पाहिली. हा नकाशा किती ताणायचा याचा तक्ता 1599 मध्ये बेरजा करकरून छापला गेला. त्यामागचे लॉगॅरिदमचे सूत्र 1668 मध्ये सिद्ध झाले, म्हणजे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आकाराला येत होते तेव्हाच. हा योगायोग मानणे मला पटत नाही.

पुढे 1820 च्या दशकात हॅनोव्हरची मोजणी करणाऱ्या गणितज्ञाने पृष्ठाची वक्रता त्या पृष्ठावरच्याच मापांवरून काढता येते हे 1827 मध्ये दाखवले. गोल न ताणता सपाट करता येत नाही, हे त्यातूनच पक्के झाले. 1854 मध्ये हा विचार कितीही मितींच्या अवकाशापर्यंत गेला आणि 1915 मध्ये गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाशकाळाची वक्रता, या व्यापक सापेक्षतेच्या सिद्धांताला तो तयार मिळाला.

आज मुरगावहून सुटणाऱ्या जहाजावरच्या तारवट्याला सुईची आणि बृहत्वृत्ताची अशा दोन्ही वाटा हाताळाव्या लागतात. पडद्यावरचा चार्ट अजून बहुधा 1569 च्याच पद्धतीचा असतो, आणि लांबच्या प्रवासात बृहत्वृत्ताचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ठरावीक दिशेने कापला जातो. स्थान सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर दिवसाकाठी दहा किलोमीटरच्या घरात चूक साचते.