म्हातारपणीचे जुलाब : आधी गोळ्यांचा डबा उघडा

पातळ शौचाला होणं चार आठवड्यांहून जास्त चाललं, की डॉक्टर त्याला जुनाट जुलाब म्हणतात. घरी मात्र ‘आता वयामुळे पचत नाही’ म्हणत मऊ भात आणि जुलाब थांबवायची गोळी सुरू होते. वय हे कारण नव्हे. कारण शोधावं लागतं, आणि कित्येकदा ते औषधांच्या डब्यातच असतं.

मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरुवातीला पोट बिघडवते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण वर्षानुवर्षं ती नीट सोसलेल्यालाही पुढे जुलाब लागू शकतात. रक्तदाबाच्या ऑल्मेसार्टनने तर डॉक्टरांनाही चकवलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जुलाब आणि घटतं वजन यांमुळे हा गव्हातल्या ग्लुटेनचा आजार, म्हणजे सिलिअ‍ॅक, वाटत होता. पण रक्तातली त्याची चाचणी निगेटिव्ह होती आणि गहू सोडूनही गुण येत नव्हता. गोळी बंद केल्यावर सगळे सुधारले. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आयुर्वेदिक चूर्णांसकट सगळी औषधं न्यावीत. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नये.

शौचातून रक्त, घटतं वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर थांबू नये. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, लागते, कारण आतड्याचा कर्करोग वगळावाच लागतो. ती ‘नॉर्मल’ आली की घरचे निश्चिंत होतात, पण मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराची नुसत्या नजरेला न दिसणारी सूज, तिथेच निसटतो. हा आजार उतारवयातल्या बायकांत जास्त आढळतो. दुर्बिणीतून आतडं निरोगी दिसतं. दोष कळतो तो अस्तराचा तुकडा काढून, म्हणजे बायॉप्सी घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. त्याच्या एका प्रकारात अस्तराखालचा कोलॅजन या प्रथिनाचा थर १० मायक्रोमीटरहून जाड झालेला असतो. बुडेसोनाइड या सूज उतरवणाऱ्या औषधाने बहुतेकांना चांगला आराम पडतो. तेव्हा बायॉप्सी घेतली का, हे जरूर विचारा.

अंथरुणाला खिळलेल्यांत नेमकं उलटं कारणही असतं : बद्धकोष्ठ. मळाचा घट्ट गोळा अडकतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, थांबवायची गोळी दिली जाते आणि गोळा आणखी घट्ट होतो. गुदद्वारात बोट घालून डॉक्टरांनी तपासलं, तर हे बहुतेकदा मिनिटभरात कळतं. गोळा वर अडकला असेल तर पोटाचा एक्स-रे काढावा लागतो.